मोबाइलच्या पोटातील अँटेना : दोष कसा ओळखावा, दुरुस्ती कशी करून घ्यावी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दर वर्षी कोणी नवा पदार्थ करून दाखवते, कोणी बाळंतिणीच्या आहाराविषयी बोलते, कोणी नाथमहाराजांच्या अभंगावर निरूपण करते. यंदा अध्यक्षबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला. “तुझ्या घरी मोबाइल दुरुस्तीचे टेबल आहे, तेव्हा फोनला रेंज का येत नाही ते तूच सांग,” असे त्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. तरी जे रोज डोळ्यांसमोर घडते ते सांगावयास पदवी लागत नाही, एवढ्या धीरावर मी उभी आहे.

आमच्या मुलाने संभाजीनगरला मोबाइल दुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि आमच्याच पुढच्या खोलीत टेबल मांडले. सुटे भाग आणावयास त्याला वरचेवर शहरात जावे लागते. तो नसला म्हणजे आलेले फोन मी ठेवून घेते, कोणाचा कोणता व तक्रार काय ते वहीत लिहिते, आणि तो आला की त्याच्याजवळ बसून तो काय करतो ते पाहते. असे पाहता पाहता मला एक गोष्ट कळली, आणि तीच आज सांगावयाची आहे. रेंज नसण्याची कारणे पाच-सहा निरनिराळी आहेत. त्यांतली बरीचशी फोन न उघडता, घरबसल्या आपल्यालाच निवडून काढता येतात. सुपात धान्य घेऊन खडा वेगळा काढणे ज्या बाईला जमते तिला हेही जमते.

हे कळणे आपल्याला अगत्याचे का, ते आधी सांगते. घरात नवा फोन आला की तो बहुधा पुरुषांच्या किंवा मुलांच्या हाती जातो आणि त्यांचा जुना, दोनदा पडलेला, एकदा काच बदललेला फोन आपल्याकडे येतो. आणि आज आपली सारी कामे त्या फोनावर आली आहेत. बँकेचा ओटीपी त्यावर, लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याचा निरोप त्यावर, बचत गटाचा हप्ता त्यावर, शाळेची सूचना त्यावर, रात्री-अपरात्री दवाखान्याची गाडी बोलवावयाची तर तीही त्यावरच. अशा फोनला रेंज नसली तर “गावातच नेटवर्क नाही” म्हणून आपण गप्प बसतो, नाही तर “बोर्ड गेला, नवा घ्या” असे कोणी सांगितले की पदर खोचून पैसे साठवावयास लागतो. दोन्ही वेळा खरे कारण काय ते आपण पाहिलेलेच नसते.

आता अँटेना म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्या वयाच्या सर्वांनी अँटेना पाहिलेली आहे. घरावर बांबूला काड्यांची अँटेना बांधलेली असे. एक जण वर चढून ती फिरवी आणि खालून घरातली मंडळी ओरडत, “आलं का? गेलं! थोडं इकडे!” टॉवरकडून लहरी येतात, अँटेनाच्या धातूत त्यांच्यामुळे वीज अगदी सूक्ष्म प्रमाणात हालते, आणि ती तारेतून खाली टीव्हीत उतरते. मोबाइलचेही तसेच आहे. भेद इतकाच की टीव्हीची अँटेना फक्त ऐके, मोबाइलची ऐकते आणि बोलतेही.

अँटेना केवढी असावी हे लहरीच्या लांबीवरून ठरते. लहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर वेगाने धावतात. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी लहरी. तीन लक्ष किलोमीटरचे नव्वद कोटी भाग केले की एका लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर भरते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटरचा धातूचा तुकडा तिला चांगला पकडतो. १८०० मेगाहर्ट्झची लहर याच्या निम्मी, म्हणून तिला सुमारे ४ सेंटिमीटर पुरतात. म्हणूनच पूर्वीच्या फोनांना डोक्यावर बोटाएवढी दांडी असे. मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला, त्या फोनलाही दांडी होती. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर पहिले बोलणे केले, त्या काळीही दांडीचेच फोन असत. पुढे १९९८ मध्ये नोकियाने ८८१० नावाचा बिनदांडीचा फोन काढला, १९९९ मध्ये ३२१० हा त्यांचा स्वस्तातला फोन आला आणि दांडी फोनच्या पोटात गेली. दिसेनाशी झाली म्हणून ती नाहीशी झाली नाही. तोच धातूचा पट्टा आता दुमडून, घडी घालून आत बसविलेला असतो.

मोठी अँटेना पाहावयाची असेल तर नारायणगावजवळ खोडद येथे पाहावी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे ३० प्रचंड तबकड्या उभ्या आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातील ताऱ्यांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी त्या टिपतात. तेथे मोबाइल बंद ठेवावयास सांगतात, कारण त्या क्षीण लहरींपुढे आपल्या फोनची कुजबुज म्हणजे ढोल-ताशाच. तबकडी काय आणि आपल्या मुठीतला पट्टा काय, काम एकच. धातू स्वच्छ, जोड घट्ट आणि वाट मोकळी असली पाहिजे. यांतले एक जरी बिघडले तरी ऐकू येत नाही.

फोनच्या पोटात ही अँटेना कोठे असते ते आता ध्यानात घ्यावे. बहुतेक फोनांत मुख्य अँटेना खालच्या टोकाला, चार्जिंगच्या भोकाजवळ असते. कानाशी फोन धरला असता ती डोक्यापासून दूर राहावी हे त्याचे एक कारण. वरच्या टोकाला मदतीची दुसरी अँटेना असते, ती मुख्यतः ऐकण्याचे काम करते. वायफायची, ब्लूटूथची आणि नकाशासाठी लागणाऱ्या जीपीएसची अँटेना बहुधा निराळी, वरच्या बाजूला किंवा कडेला असते. प्लास्टिकच्या फोनांत आतल्या काळ्या चौकटीवर सोनेरी किंवा तांबूस नक्षीसारखे पट्टे दिसतात, तीच अँटेना. धातूच्या कडेच्या फोनांत ती कडच अँटेनाचे काम करते. म्हणून तिच्यावर दोन-तीन ठिकाणी प्लास्टिकच्या बारीक रेघा असतात. त्या रेघा शोभेसाठी नाहीत, त्या धातूचे तुकडे एकमेकांपासून वेगळे ठेवतात.

मुख्य बोर्ड फोनच्या वरच्या भागात आणि अँटेना खालच्या भागात, मग दोघांत दुवा कशाचा? पुष्कळशा फोनांत शेवईएवढी बारीक काळी किंवा पांढरी वायर बॅटरीच्या कडेने वरून खाली गेलेली असते. तिला दुकानात अँटेना वायर किंवा नेटवर्क वायर म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना मोहरीच्या दाण्याएवढे गोल बटण असते, ते बोर्डावरच्या खुंटीवर टक् असा बारीक आवाज होऊन बसते. खालच्या लहान बोर्डावरून, म्हणजे चार्जिंगच्या सब-बोर्डावरून, दोन-चार स्प्रिंगच्या पत्त्या वर डोकावतात आणि मागचे झाकण बसविले की अँटेनाच्या पट्ट्याला टेकतात. फोन पडला, भिजला किंवा उघडला गेला की बहुधा याच जागी बिघाड होतो. वायरचे बटण निसटते, पत्ती दबते, नाही तर टेकण्याच्या जागेवर हिरवट थर चढतो.

आता निवडणे सुरू करू. फोन उघडावयाचा नाही. क्रमाने एकेक गोष्ट पाहावयाची.

पहिली गोष्ट जागेची. आपल्याकडे बरीच घरे पत्र्याची आहेत. लहरी धातूतून पार होत नाहीत, त्या दाराखिडकीतूनच आत येतात. दारात रेंज आणि चुलीपाशी नाही, असे असेल तर तो फोनचा दोष नव्हे. फोन घेऊन अंगणात किंवा गच्चीवर यावे. तेथे नीट चालला तर फोनवर पैसा घालवू नये.

दुसरी गोष्ट कव्हरची. मागे लोखंडी चकती किंवा लोहचुंबक असलेले, चकचकीत धातूच्या पत्र्याचे कव्हर काढून पाहावे. हाताची पकडही पाहावी. २०१० मध्ये अ‍ॅपल कंपनीचा आयफोन ४ निघाला. त्याची धातूची कड हीच अँटेना होती आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातली फट हाताने झाकली की रेंज घटे. जगभर बोभाटा झाला आणि कंपनीने ग्राहकांना कडेचे रबरी कव्हर फुकट दिले. म्हणजे धनिकांचा फोनही यातून सुटला नाही. फोन खालून मुठीत गच्च धरण्याची सवय असेल तर बोटे थोडी वर घ्यावी.

तिसरी गोष्ट शेजारणीच्या फोनची. ज्या कंपनीचे आपले सिम त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन त्याच जागी, शेजारी ठेवावा. दोघांनाही रेंज नसेल तर दोष टॉवरचा. तिला आहे आणि आपल्याला नाही, तर दोष सिमचा किंवा फोनचा.

चौथी गोष्ट सिमची अदलाबदल. आपले सिम तिच्या फोनमध्ये घालावे व तिचे आपल्यात. आपले सिम तेथेही चालेना तर सिम खराब झाले, कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून नवे घ्यावे. तिचे चांगले सिमही आपल्या फोनमध्ये चालेना तर दोष फोनमध्ये आहे हे ठरले. फोन “सिम नाही” असे म्हणत असेल तर ती तक्रार सिमच्या खाचेची, अँटेनाची नव्हे.

पाचवी गोष्ट सेटिंगची. फ्लाइट मोड चुकून चालू नाही ना ते पाहावे. तो एकदा चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करावा, फोन बंद करून पुन्हा चालू करावा. मग सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचे बटण बंद केले की फोन आसपासच्या कंपन्यांची यादी शोधतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. यादीत तीन-चार कंपन्यांची नावे आली तर फोनचा कान शाबूत आहे. शेजारच्या फोनला नावे दिसतात आणि आपल्याला एकही नाही, तर अँटेनाच्या वाटेवर संशय घ्यावा. पाहून झाल्यावर ते बटण पुन्हा चालू करावयास विसरू नये. पडद्यावर “फक्त आणीबाणीचे कॉल” असे दिसले तर त्याचाही अर्थ फोनला कोणता तरी टॉवर ऐकू येतो असाच. तेव्हा आधी सिम पाहावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की आपल्या कंपनीची रेंज नसली तरी खऱ्या संकटात ११२ लावून पाहावा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. मात्र परीक्षा म्हणून तो कधीही लावू नये.

सहावी गोष्ट *#०६# ची. हे दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो दिसतच नसेल किंवा सगळी शून्ये असतील तर दोष अँटेनाचा नसून बोर्डाचा किंवा आतल्या सॉफ्टवेअरचा. तो क्रमांक घरी वहीत लिहूनही ठेवावा, फोन हरवला तर तक्रारीला लागतो. कोणी तो बदलून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, तो गुन्हा आहे.

सातवी गोष्ट आकड्याची, आणि ही मला फार आवडते. रेंजच्या काड्यांवर विसंबून राहू नये. प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाप्रमाणे दाखवते. बहुतेक फोनांत सेटिंग, फोनविषयी माहिती, सिमची स्थिती असे गेले की सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि त्याच्यापुढे डीबीएम लिहिलेले असते. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. फोर-जी चालू असता उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे कामापुरता, उणे ११५-१२० म्हणजे आता तुटेल की मग. दहाने खाली गेला म्हणजे बळ दहाव्या हिश्शावर आले, वीसने गेला म्हणजे शंभराव्या हिश्शावर. दोन फोन शेजारी ठेवावे, दोघांतही आळीपाळीने एकच सिम घालावे, दोघेही फोर-जीवर असावे. पाच-सातचा फरक चालावयाचा. पंधरा-वीसचा फरक दर वेळी येत असेल तर आपल्या फोनची अँटेना तुटलेली, निसटलेली किंवा मळलेली आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे.

आणखी दोन खुणा सांगते. फोनची पाठ खालच्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबली की रेंज येते आणि सोडली की जाते, असे झाले तर पत्ती टेकत नाही. आणि रेंज पूर्ण दिसते पण कॉल लावला की तुटतो, फोन तापतो, असे झाले तर ऐकणे ठीक आहे, बोलण्याचे बळ गेले आहे. ते काम बोर्डावरच्या एका आयसीचे असते. त्याला पीए आयसी म्हणतात. तेथे अँटेना बदलून उपयोग नाही.

बॅटरी लवकर उतरते ही तक्रारही पुष्कळदा रेंजचीच असते. फोर-जीवर फोनला जास्तीत जास्त एका वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढ्या बळाने बोलता येते. टॉवर नीट ऐकत नसला की फोन आपला आवाज तेवढ्यापर्यंत चढवतो. बहिऱ्या माणसाशी बोलताना आपला घसा सुकतो, तशी त्याची बॅटरी सुकते. बॅटरी बदलण्याआधी रेंजचा आकडा पाहावा तो यासाठी.

आता फोन दुरुस्तीला दिला म्हणजे कारागीर काय करतो ते सांगते. फोन तुम्ही घरी उघडावा म्हणून हे सांगत नाही. समोर उभे राहून काय पाहावे व काय विचारावे ते कळावे म्हणून सांगते.

तो आधी फोन बंद करतो आणि सिमची खाच बाहेर काढतो. मागची काच डिंकाने चिकटविलेली असेल तर सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत शेकून डिंक मऊ करतो आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कड सोडवतो. बॅटरी फुगलेली असेल तर तेथेच थांबावयास हवे, फुगलेल्या बॅटरीला सुरी-चिमटा लागला तर भडका उडतो. मग स्क्रू काढून, बॅटरीचा जोड सर्वांत आधी सोडवून, तो वायर पाहतो. बटण निसटले असेल तर चिमट्याच्या बोथट बाजूने दाबून टक् करून बसवतो. काम झाले! कित्येक वेळा एवढाच रोग असतो.

वायर बसलेली असून रेंज नसेल तर ती दोन्हीकडून काढून मल्टिमीटर लावतो. वायरच्या आत दोन वाटा असतात, मधला तंतू आणि बाहेरची जाळी. तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला लावल्यावर मीटर वाजले पाहिजे, जाळीचेही तसेच. पण तंतू आणि जाळी यांच्यामध्ये वाजता कामा नये. वाजले किंवा वाजावयाचे तेथे वाजले नाही, तर वायर बदलावी. ही वायर म्हणजे अगदी स्वस्तातला भाग आहे.

त्यानंतर पत्त्या. दबलेली पत्ती चिमट्याने हलकेच वर उचलतात. जोर केला की मोडते. ती जेथे टेकते तेथे हिरवट-काळपट थर असेल तर मऊ ब्रशने आयपीए लावून पुसतात. आयपीए म्हणजे एक प्रकारचे शुद्ध अल्कोहोल, ते मागे पाणी न ठेवता उडून जाते. चौकटीवरचा सोनेरी पट्टा चिरलेला असेल तर ती चौकट बदलावी लागते. सब-बोर्ड सडला असेल तर तो बदलावा लागतो. बदलताना तो त्याच मॉडेलचा घ्यावा, कारण चार्जिंग चालू झाले तरी अँटेनाचा भाग जुळेलच असे नाही.

आणि स्क्रू! हे फार जणांना ठाऊक नसते. फोनच्या आतले बारीक स्क्रू केवळ झाकण धरावयास नसतात. काही स्क्रू बोर्डाला चौकटीच्या धातूशी जोडतात आणि तो जोड अँटेनाला लागतो. दुरुस्तीनंतर दोन स्क्रू “उरले” म्हणून वाटीत टाकून दिले तर रेंज घटू शकते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर बोर्डाच्या आतले थर फुटतात. तेव्हा काच किंवा बॅटरी बदलून घेतल्यावर तेथेच उभे राहून एक कॉल लावावा, वायफाय लावून पाहावे, सिग्नलचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि मगच पैसे द्यावे. काच बदलल्यानंतर मागची काच नव्या डिंकाने नीट चिकटविली नाही तर पाण्यापासून पूर्वी जो बचाव होता तो राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

याउपर रेंज आली नाही तर दोष बोर्डावरच्या आयसीत. ते काम सूक्ष्मदर्शक व गरम हवेच्या यंत्राचे. हात बसलेल्या माणसाकडूनच ते करवावे, आणि खर्च विचारून, फोनच्या किमतीशी ताडून ठरवावे. “बोर्ड गेला” हे वाक्य सर्वांत शेवटी यावयास हवे. ज्या दुकानात ते सर्वांत आधी येते तेथे “वायर आणि पत्त्या पाहिल्या का? मीटर लावले का?” एवढे दोन प्रश्न शांतपणे विचारावे. विचारणारी बाई आहे असे दिसले की माणूस पुन्हा एकदा फोन उघडून पाहतो, हा माझा अनुभव आहे.

येथे एक हकीकत सांगते. त्या बाईला विचारूनच सांगते, नाव सांगत नाही. तिचे यजमान कारखान्यात रात्रपाळीला जातात. ते रात्री फोन करीत तो “आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे” असे ऐकू येई. घर गावात, शेजारी त्याच कंपनीचे सिम चालते, मग हिचाच फोन बाहेर कसा? एक रात्र, दोन रात्री, मग बोलणे झाले, मग संशय आला. “फोन बंद करून ठेवतेस” असा आरोप तिच्यावर आला आणि सासूबाईंनीही मान हलवली. बिचारी रडत आमच्याकडे फोन घेऊन आली आणि म्हणाली, “हा फोनच नको मला.” मी तिला बसवले, चहा दिला, सिमची अदलाबदल केली, आकडा पाहिला. आमच्या फोनवर उणे ९०, तिच्यावर उणे ११५. महिन्यापूर्वी काच बदलल्याचे ती म्हणाली. मुलाने फोन उघडला तो वायरचे खालचे बटण खुंटीवर नुसते टेकलेले. कधी लागे, कधी सुटे. दाबून बसवले आणि दोन्ही फोन सारखे दिसू लागले. मी तिला म्हटले, आता एकटी जाऊ नकोस, यजमानांना घेऊन ये. ते आले. मुलाने त्यांच्यासमोर वायर काढून दाखवली, आकडा पडलेला दाखवला, पुन्हा बसवून चढलेला दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पैसे देऊ लागले. जाताना फोन त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला.

भगिनींनो, मोहरीएवढ्या बटणासाठी एका घरात महिनाभर जेवण गोड लागले नव्हते. म्हणून मी म्हणते, फोन बाहेर आहे असे ऐकू आले तर बाई बाहेर आहे असे कोणी समजू नये. आणि बाईनेही रडण्याआधी सिम बदलून पाहावे.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. बाजारात फोनच्या मागे चिकटवावयाचे सोनेरी स्टिकर मिळतात आणि रेंज वाढते असे सांगतात. त्याने काही वाढत नाही. अन्न झाकावयाची चांदीची पन्नी फोनला गुंडाळू नये, ती उलट लहरी अडवते. घरावर बूस्टर लावून देतो म्हणणाऱ्यांना थारा देऊ नये. परवान्याशिवाय तो लावणे कायद्यात बसत नाही, आणि त्याने साऱ्या आळीची रेंज बिघडते. फोन पाण्यात पडला तर लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय पुष्कळ जणी करतात, पण तांदूळ आतले पाणी ओढून काढत नाहीत, पीठ मात्र भोकांत जाते. फोन लवकरात लवकर उघडून पुसवून घ्यावा. दोन दिवस गेले की हिरवा थर चढलाच समजा.

अँटेना जवळ असल्याने अपाय होतो का, असे काही जणी विचारतात. शरीरात किती लहरी शोषल्या जाव्यात याची मर्यादा आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून ठरविली आहे, एक ग्रॅम मांसपेशीमागे किलोला १.६ वॅट या मापाने. *#०७# दाबले की पुष्कळ फोनांत त्या फोनचा आकडा दिसतो. रेंज क्षीण असता फोन जोर करतो, तेव्हा अशा जागी लांब बोलणे टाळावे किंवा फोन कानापासून दूर, स्पीकरवर ठेवावा. अँटेना नीट असणे या दृष्टीनेही चांगलेच.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून आपल्याजवळ ठेवावे. बँकेचे आणि पैसे पाठविण्याचे अॅप काढून टाकावे, दुरुस्तीनंतर पुन्हा घालता येते. अँटेनाचे काम करावयास तुमच्या फोटोंची गरज नसते. सिग्नल पाहावयास कारागिराजवळ त्याचे सिम असते. कुलपाचा आकडा मागितलाच तर समोर बसून आपण स्वतः दाबावा, कागदावर लिहून देऊ नये. शक्य तो फोन आपल्या डोळ्यांदेखत उघडवावा. वायर बसविण्याचे काम बसल्या जागी होते, त्यासाठी फोन रात्रभर ठेवावा लागत नाही.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते आणि बसते. आपण महिन्यातून एकदा जमतो. त्या दिवशी प्रत्येकीने आपला फोन बरोबर आणावा. मंडळाने एक चांगला चालणारा साधा फोन आणि सिम काढावयाची पिन कपाटात ठेवावी. आपले सिम त्यात घालून पाहणे, दोन फोन शेजारी ठेवून आकडा ताडणे, आयएमईआय वहीत उतरवणे, हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते शिकवावयास मी दर महिन्याला आनंदाने बसेन. ज्यांना आकडे वाचावयास अडचण पडते अशा आजीबाईंचे फोन आधी पाहू, कारण रात्री एकट्या घरात असतात त्या त्याच. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या मंडळात असा एकही फोन राहू नये की ज्याला रेंज का नाही हे त्याच्या मालकिणीला ठाऊक नाही.